भज्जीत गेलेली तूर

१९७२ च्या दुष्काळात, वेळ अमावस्येच्या सकाळी, आमच्या मायने पेरणीसाठी राखलेलं बियाणं शिजवलं. तूर, वाल आणि हरभरा अशी तीन मडकी घरात होती. तिन्हींची तोंडं शेणामातीने लिंपलेली होती. दुपारी आम्ही शेतात जेवायला बसलो तेव्हा तिन्ही मडकी रिकामी झाली होती.

मी चौदा वर्षांचा होतो, धाकटा भाऊ दहाचा. मडकी उघडताना आम्ही पाहिलं नाही. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं काही मी स्वतः पाहिलेलं आहे, काही मायने नंतर सांगितलं आणि त्यातल्या काही गोष्टींना दादांनी, म्हणजे वडिलांनी, दुजोरा दिला. दोघांच्या सांगण्यात जिथे फरक पडतो तिथे तसं नोंदवलं आहे.

वेळ अमावस्या मार्गशीर्षात येते. लातूर-उस्मानाबादकडे बोलताना तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. सगळे आपापल्या शेतात जातात, तिथे जेवतात आणि संध्याकाळी परततात. जेवणात बाजरीचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे असतात, आंबील असते आणि भज्जी असते. भज्जी म्हणजे रानात त्या वेळी जे जे हिरवं असेल ते सगळं एका पातेल्यात शिजवायचं. तुरीचे दाणे, हरभरा, वाल, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, वांगी, वर चिंचेचं पाणी आणि डाळीचं पीठ. भज्जीत पडणारं शक्यतो आपल्याच रानातलं असावं, असा आमच्या भागातला रिवाज आहे. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, हाही रिवाज. त्यामुळे येळवसीला कोणी आपल्यापुरतं शिजवत नाही.

शेतात कडब्याची खोप करून तिच्यात पांडव मांडतात आणि त्यांची पूजा करतात. आमच्या शेतात खोप नसायची. धर्मांतरानंतर आमच्या घरातले देव गेले, त्यांच्याबरोबर ही पूजाही गेली. तेव्हा वस्तीत अशी चर्चा झाली होती की आता येळवसीला शेतात जायचं की नाही. दादांनी एका वाक्यात ती संपवली, असं माय सांगते. ते म्हणाले, "पूजा सोडलीय, रान सोडलं न्हाई." तेव्हापासून आम्ही बांधावरच्या लिंबाखाली बसून जेवत आलो. जमीन आठ एकर. आजोबांच्या इनामाची, गावाच्या शिवेवरची, अर्धी काळी आणि अर्धी खडकाळ बरड. मुरुडचा बाजार तिथून चालत दीड तासावर आहे.

बहात्तर साली त्या आठ एकरांत काहीही उगवलं नव्हतं. मृगात पेरलेलं करपलं. परतीचा पाऊस आला नाही, त्यामुळे रब्बी पेरलीच नाही. दादा आणि माय रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. खायला रेशनची तांबडी मिलो ज्वारी होती. येळवसीला काम बंद होतं.

आदल्या संध्याकाळी दादा म्हणाले होते की या वर्षी नुसतं जाऊन येऊ. सकाळी माय लवकर उठली आणि तिने बियाणं भिजत घातलं. का, याचं उत्तर तिने मला दोन वेळा दोन प्रकारे दिलं आहे. एकदा ती म्हणाली, "पाऊसच न्हाई, मग बी कुणासाठी ठिवायचं?" दुसऱ्यांदा म्हणाली, "मोकळ्या हातानं रानात गेलो असतो तर रान आपलं ऱ्हायलं नसतं, असं वाटलं." दोन्ही उत्तरांमध्ये काही वर्षांचं अंतर आहे. कोणतं खरं, हे मी ठरवलेलं नाही.

आम्ही लिंबाखाली बसलो. बांधावरून खडीच्या कामावरची बायामाणसं जात होती. त्यांच्या शेतातही काही नव्हतं. मायने हाका मारल्या. एकेक करून बरीच माणसं आली आणि भज्जी संपली. कुणीतरी विचारलं, "काकू, ही तूर कुठली?" माय म्हणाली, "घरची." दादांनी दुसरा घास घेतला, मायकडे पाहिलं आणि तिसरा घास घेतला. घरी आल्यावर त्यांनी मडकी पाहिली, हे मी पाहिलं. त्यानंतरही ते काही बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. पेरायला घरात बी नव्हतं. दादांनी पंचायत समितीतून संकरित ज्वारीची पिशवी आणली आणि आठही एकरांत तीच पेरली. त्याआधी आमच्या शेतात एकाच वेळी चार-पाच पिकं असायची. ज्वारीच्या ओळींमध्ये तूर, मधे मूग, कडेला वाल, बांधाला अंबाडी. आता एकच पीक उभं राहिलं. पहिल्या वर्षी कणसं मोठी आली आणि दादा खूश होते. दुसऱ्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस लागला आणि दाणे काळे पडले. कडबा आखूड होता, बैल तो नाखुशीने खात. मुरुडच्या बाजारातून आणलेली तूर दोनदा पेरून पाहिली. दोन्ही वेळा ती फुलावर येता येता उधळली, म्हणजे उभी झाडं वाळली. मग तूर पेरणं बंद झालं. येळवसीच्या भज्जीचा सगळा माल बाजारातून येऊ लागला. माय तो निवडत बसायची आणि एखादा दाणा दाताखाली धरून टाकून द्यायची.

मी नांदेडला शिकायला गेलो आणि तिथल्याच एका दैनिकात लागलो. आधी मुद्रितं तपासली, मग तालुक्याच्या बातम्या लिहू लागलो. १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्हा तोडून लातूर जिल्हा झाला, ती बातमी मी आमच्या टेबलावर शब्द मोजून बसवली. घरी गेलो तेव्हा दादांनी विचारलं, "आपण आता कुठले?" मी म्हणालो, "लातूरचे." दादा म्हणाले, "बरं झालं. कचेरी जवळ आली. चकरा तेवढ्याच मारायच्या, पण तिकीट कमी."

नव्या जिल्ह्याबरोबर बऱ्याच गोष्टींची चर्चा सुरू झाली. रस्ते होणार, कचेऱ्या येणार, ऊस वाढणार. आमच्या शेजारच्या शिवारात पाइपलाइनी पडायला लागल्या होत्या. आमची विहीर चुलत्यांबरोबर सामाईक होती, आठवड्यातले चार दिवस त्यांचे आणि तीन आमचे. धाकटा आता वीस-एकविसाचा झाला होता आणि शेत तोच पाहत होता. दादांचे गुडघे गेले होते.

नवा जिल्हा झाल्यानंतरच्या पहिल्या येळवसीला मी रजा काढून घरी आलो. लिंबाखाली जेवणं झाल्यावर धाकट्याने विषय काढला.

"आठ एकर ऊस लावणार हाय. चुलत्याशी बोललो. पाणी दोघं मिळून ओढू."

दादा म्हणाले, "इहिरीला इचारलास का?"

"इहीर काय म्हणती ते मोटर लावल्यावर कळंल."

माय पातेलं घासत होती. ती म्हणाली, "चार एकर सोड."

"कशाला?"

"जुनी तूर करायची. जवारीत."

"जुनी तूर हाय कुठं? बाजारातली दोनदा वाळली. काय पेरतीस, चिंचोके?"

"बी आणीन."

धाकटा हसला. पण तो आडमुठा नव्हता. त्याने दादांसमोर शब्द दिला. "मिरगाच्या आत बी आण. आणलंस तर बरडाकडचे चार एकर तुझे, तिथं मी उसाची कांडी टाकणार न्हाई. न्हाई आणलंस तर सगळा ऊस, मग बोलायचं न्हाई." माय म्हणाली, "हाव." एवढं बोलून ती पुन्हा पातेलं घासायला लागली.

चार एकरांवर तिचा एवढा जोर कशासाठी होता, हे तिने मला त्याच दिवशी परतताना सांगितलं. दुष्काळात तिच्या पाठीचा मणका खडीच्या कामावर दुखावला होता आणि नंतर तो कधीच नीट झाला नाही. ती म्हणाली, "पुन्हा वाळलेलं वरीस येणार हाय. त्या वर्षी मला सडकेवर जायचं न्हाई. सूनबाई येईल, तिला बी पाठवायचं न्हाई." ऊस विहिरीवर जगतो आणि विहीर बहात्तरला आटली होती, हा तिचा हिशोब होता. जुनी तूर विहिरीवर अवलंबून नव्हती.

मग तिने बियाणं शिजवल्याची गोष्ट सांगितली. दहा वर्षांत पहिल्यांदा. मला ती अर्धवट माहीत होती. मला ती माहीत आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

बी कुठे आहे, हेही तिला ठाऊक होतं. दादांची बहीण, आमची आत्या, हदगाव तालुक्यात दिलेली आहे. दुष्काळाच्या कितीतरी आधी ती माहेरी आली की जाताना पदरात आमच्या शेतातली तूर बांधून न्यायची. तिच्याकडे कापसाचं रान. कापसाच्या काही ओळींनंतर एक ओळ तुरीची घालायची पद्धत तिकडे आहे. त्या ओळीत ती माहेरची तूर घालायची.

"मग इतकी वर्षं मागितलीस कामून न्हाई?"

माय चालत राहिली. मागे न पाहता म्हणाली, "नणंदेला काय सांगू? तुझ्या बापाचं बी म्या शिजवून खाल्लं म्हणून?"

हे सगळं एवढ्यावर अडलं होतं. दादांच्या घराण्याचं बियाणं, कितीतरी पिढ्यांचं, सुनेच्या हातून गेलं होतं. ते परत मागायचं तर ज्या घराण्याचं गेलं त्याच घराण्याच्या लेकीकडे हात पसरावा लागणार होता आणि कारण सांगावं लागणार होतं. आमच्याकडे नणंद-भावजयीत वर्षानुवर्षं चालत राहणारी भांडणं यापेक्षा लहान गोष्टींवरून सुरू होतात.

"मी जाऊन आणतो," मी म्हणालो.

"आण. पण म्हणायचं, उंदरानं खाल्लं."

चैत्रात मला हदगावला कापसाच्या खरेदीची बातमी करायला पाठवलं. मोंढ्यात, म्हणजे बाजाराच्या आवारात, गाड्यांची रांग होती. दुपारपर्यंत काम संपवून मी आत्याच्या गावाची बस पकडली. तिच्या दारात पोचलो तेव्हा ती अंगणात वाळवणाची राखण करत बसली होती. मी "जयभीम, आत्या" म्हणालो. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जयभीम. पेपरात असतोस म्हणे. मग इतका वाळून कामून राहिलास? पेपरवाले जेवू घालत न्हाईत काय?"

तिने भाकरी वाढली. जेवताना मी विषय काढला. म्हणालो, मायला थोडी तूर पाहिजे, जुनी, पेरायला. आमचं बी उंदरांनी खाल्लं.

"कधी?"

"बहात्तरला."

आत्याने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "आणि आता त्र्याऐंशी चालू हाय. इतकी वर्षं उंदीरच खाऊन राहिले का रे? लईच भुकेले दिसतात तुमच्याकडचे."

मी भाकरीचा तुकडा मोडला.

ती म्हणाली, "शिजवलं ना तिनं?"

मी मान डोलावली.

"मला माहीत हाय. तुझ्या बापानं पुढल्याच साली सांगितलं. पोळ्याला आला होता. म्हणला, बाई, तिनं बी शिजवलं आणि अख्ख्या सडकेला जेवू घातलं. मी काही बोललो न्हाई, तूही बोलू नको."

म्हणजे दादांना माहीत होतं, आत्याला माहीत होतं, मला निम्मं माहीत होतं, आणि माय सगळ्यांपासून ते लपवत होती. मी विचारलं, मग तू पाठवलं का नाहीस?

"मागितल्याबिगर कसं पाठवू? तिला वाटलं असतं, नणंद टोचून राहिली. तुला बायकांचं कळत न्हाई. मी वाट पाहून राहिले होते, आज मागंल, उद्या मागंल. दरसाल एक डबा बाजूला ठेवते. पुढल्या सालचं आलं की मागल्या सालचं वरणात जातं." ती आत गेली आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आली. तूर राखेत घोळवलेली होती. तिने ती सुपात घेऊन पाखडली, एका जुन्या धडप्यात बांधली आणि गाठ मारली. अंदाजे दोन पायल्या.

मी वालाबद्दल विचारलं. वाल तिने कधी नेलाच नव्हता.

निघताना ती म्हणाली, "वहिनीला सांग, उंदरांना माझा जयभीम."

हदगावहून नांदेड, नांदेडहून लातूर, लातूरहून मुरुड अशा तीन एसटी बदलल्या. गाठोडं मांडीवर होतं. लातूरच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला की टपावर टाका. मी म्हणालो, बियाणं आहे. तो म्हणाला, "मग काय टपावर रडणार हाय?" पण त्याने आग्रह केला नाही.

घरी मायने गाठोडं सोडलं आणि तूर सुपात पसरली. दाणा लहान, तांबूस, एका बाजूला काळसर ठिपका. तिने दोन-चार दाणे तळहातावर फिरवले. "हीच," ती म्हणाली. या म्हणण्याला दुसरा पुरावा माझ्याकडे नाही. दाण्यावरून तुरीचं वाण खात्रीने सांगता येत नाही, असं मला पुढे एका कृषी अधिकाऱ्याने सांगितलं.

आत्याचा निरोप मी शब्दशः सांगितला. मायने सूप बाजूला ठेवलं. मग तिने दादांना विचारलं, "तुम्ही सांगितलं व्हय?" दादा म्हणाले, "सांगितलं." ती म्हणाली, "मग मला सांगायचं व्हतं की सांगितलंय म्हणून." आणि ती हसली. त्या रात्री तिने आम्हाला पिठलं-भाकरी केली आणि जेवताना पहिल्यांदाच त्या येळवसीबद्दल मोकळेपणाने बोलली. किती माणसं जेवली, कोण दोनदा वाढून घेऊन गेलं, कुणी म्हटलं की भज्जीत मीठ कमी आहे. दादांनी एक गोष्ट दुरुस्त केली. मीठ कमी नव्हतं, मीठच नव्हतं.

धाकट्याने गाठोडं पाहिलं आणि मला म्हणाला, "पेपरवाले, बी आणलंत का बातमी?" पण शब्द पाळला. बरडाकडच्या चार एकरांत त्याने उसाची सरी पाडली नाही.

मृगात पेरणी झाली. आमच्या भागातल्या तिफणीच्या मागे दोरीने एक पोकळ बांबू बांधतात, त्याला मोघा म्हणतात. तिफणीच्या नळ्यांतून ज्वारी पडते आणि मागून चालणारी बाई मोघ्यातून मुठीने तूर सोडते. बैलाच्या चालीशी मूठ जुळली नाही तर एका जागी दाट पडते आणि पुढे वावभर मोकळं राहतं. बरीच वर्षं मायने मोघा धरला नव्हता. पहिल्या दोन ओळी तिने मोडून पुन्हा घ्यायला लावल्या. नंतर तिची मूठ जुळली. कोळपणीच्या वेळी मी पाहिलं, ओळी सरळ होत्या. कडेला मूग घातला होता आणि रब्बीची जुनी ज्वारी चुलत्यांकडून आणून पुढच्या हंगामासाठी बाजूला ठेवली होती. वाल कुठेच मिळाला नाही. मी मुरुड, लातूर आणि नांदेडच्या बाजारात विचारलं. तो वाण आमच्यापुरता संपला.

इथे थोडं पुढचं सांगावं लागेल. मी आता दैनिकात नाही. नोकरी सोडून मला बरीच वर्षं झाली आणि ते चार एकर आज मी करतो. आमच्या शिवारात आता बहुतेक सोयाबीन आहे. भाद्रपदात एका बांधावर उभं राहिलं तर दिसेल तिथवर एकच रंग दिसतो. माझ्या शेतात शाश्वत शेतीवर बोलायला माणसं येतात, कधी अधिकारी, कधी महाविद्यालयातली मुलं. ते पहिला प्रश्न विचारतात की एकरी किती निघतं. मी खरा आकडा सांगतो आणि त्यांचे चेहरे उतरतात. मिश्र पेरणीत एखाद्या पिकाचं भरघोस उत्पन्न क्वचित येतं. शेजाऱ्याचं सोयाबीन चांगल्या वर्षी माझ्या चार एकरांना मागे टाकतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यांना दाखवण्यासारखं जे आहे ते जमिनीत आहे. तुरीचा पाला गळून जो थर पडतो तो कुजल्यावर बरडाची माती काळपट झाली आहे. ढेकूळ हातात घेतलं तर फुटतं. पूर्वी तिथे कुळव चालवताना खडा लागून आवाज यायचा, आता कमी येतो. पाऊस पडल्यावर माझ्या शेतातून निघणारं पाणी शेजारच्या शेतातल्या पाण्यापेक्षा स्वच्छ असतं. हे मी दोन बाटल्यांत भरून त्या मुलांना दाखवलं आहे. पुढे काय होईल असंही ते विचारतात. बियाण्याची पिशवी दरवर्षी दुकानातून आणणारी शेती किती दिवस चालेल, हे मला माहीत नाही. घरचं बी ठेवणारी शेती किती लोक करतील, हेही माहीत नाही. एवढं सांगता येतं की माझ्याकडे दरवर्षी बारा-पंधरा घरं तूर मागायला येतात. काही जण दोन वर्षांत सोडून देतात, काही टिकवतात. लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या वर्षीही मी तूर काढली. थोडी, पण काढली.

पण मायने ज्यासाठी चार एकर मागितले होते, त्याची परीक्षा फार आधी झाली.

पेरणीनंतर दोन हंगाम बरे गेले. तिसऱ्या वर्षापासून पाऊस मागे हटत गेला आणि त्यानंतरचं एक वर्ष जवळजवळ कोरडं निघालं. मृगाचा एक पाऊस झाला, मग मोठी उघाड पडली. मूग करपला. ज्वारी गुडघ्याएवढी राहिली, कणसं बोटभर. तूर मात्र हिरवी होती. पाऊस हस्तात एकदाच आला आणि तेवढ्यावर ती फुलली.

विहिरीने पौषात तळ दाखवला. चुलते आणि धाकटा दोघे आळीपाळीने विहिरीत उतरून गाळ काढत होते. दिवसाला उसाच्या तीन सऱ्या भिजतील एवढंच पाणी येत होतं. धाकट्याने ऊस वाचवायचा प्रयत्न महिनाभर केला. माघात त्याने चार एकर ऊस तोडून जनावरांच्या वैरणीला दिला. तोडणीच्या दिवशी मी घरी होतो. तो कोयता बाजूला ठेवून बरडाकडच्या तुरीत गेला, एक शेंग तोडली, सोलली आणि दाणे खाल्ले. म्हणाला, "माय, तुझी तूर कडू हाय." माय म्हणाली, "तुझ्या तोंडात उसाची चव राहिली हाय, म्हणून."

तूर निम्मी आली. निम्मी म्हणजे घराला वर्षभर डाळ, पेरायला बी, आणि आत्याकडे पाठवायला एक डबा. ज्वारी चार महिने पुरेल एवढी झाली. कडबा आखूड असला तरी जुन्या वाणाचा होता, बैलांनी तो खाल्ला. उरलेल्या महिन्यांसाठी माझा पगार होता. घरात दोन बैल, एक गाय आणि धाकट्याची बायको व मूल धरून पाच माणसं होती. त्यांतलं कुणी विकलं गेलं नाही आणि कुणी बाहेर गेलं नाही.

त्या उन्हाळ्यात जिल्ह्यात ठिकठिकाणी रोजगार हमीची कामं सुरू झाली. आमच्या दैनिकाने मला त्यांवर लिहायला लातूर जिल्ह्यात पाठवलं. मुरुडच्या बाजूला एका पाझर तलावाच्या कामावर मी दोन दिवस होतो. बायका टोपल्यांनी माती वाहत होत्या. मुकादमाकडे हजेरीपट होता. मी बातमीसाठी तो मागून घेतला आणि झाडाखाली बसून पान-पान वाचला. आमच्या गावातली बरीच घरं त्यात होती. चुलत्यांच्या घरातली तीन नावं होती. आमच्या घरातलं एकही नाव नव्हतं.